शिळ्या पाण्याचे साहेब

लग्न ठरत होतं तेव्हा माझ्या होणाऱ्या सासऱ्यांनी विचारलं, "पाव्हणं, तुमी करता काय नेमकं?" सासरे वैरागचे. आडत दुकानात उभं आयुष्य गेलेलं. पोत्यात हात घातला की ज्वारी कुठल्या शिवारातली ते सांगायचे. अशा माणसापुढं मी ऐटीत म्हणालो, "मी शहर मोजतो." त्यांनी तोंडातलं पान या गालातून त्या गालात सारलं, शेजारी बसलेल्या मामांकडं बघितलं आणि म्हणाले, "मोजून इकायचं हाय का काय?"

या प्रश्नाचं समाधानकारक उत्तर मला निवृत्त होईपर्यंत सापडलं नाही. लग्न झालं ते माझे वडील कुर्डुवाडीला रेल्वेत होते म्हणून. रेल्वेचा पास व्याह्यांनाही मिळतो अशी सासूबाईंची भाबडी समजूत होती, आणि अक्षता पडेपर्यंत ती दुरुस्त करायची मला काही घाई वाटली नाही.

तर धंदा काय ते आधी सांगतो. एखाद्या घरात पाहुणा म्हणून आठ दिवस राहा. दूध किती येतं, गॅसची टाकी किती दिवस जाते, भाजी कोण आणतं, केराच्या डब्यात काय पडतं, मोरीतून काय वाहतं, हे गुपचूप बघत राहा. आठव्या दिवशी त्या घराबद्दल तुम्हाला घरमालकापेक्षा जास्त कळलेलं असतं, आणि पुन्हा या म्हणून तुम्हाला कुणी सांगत नाही. आमचं काम हेच. फक्त घराच्या जागी अख्खं सोलापूर. शहरात काय आत येतं, शहर त्यातलं काय खातं-पितं-जाळतं, बाहेर काय टाकतं, आणि हे सगळं मिळावं म्हणून ते कुणाकुणावर विसंबून आहे ते काढायचं. सोलापूर पाणी पितं ते लांबच्या उजनीचं, भाजी खातं ती आसपासच्या गावांची, आणि वीज कुठून येते ते विजेलाच ठाऊक. स्वतःचं म्हणून सोलापूर पिकवतं ते फक्त ऊन. ते मोजायला मात्र मला कधी कुणी सांगितलं नाही.

आमची कचेरी खासगी आणि चिमुकली. दोन खोल्या, चार टेबलं आणि एक भालेराव साहेब. मोठ्या मोठ्या कार्यालयांना असले अहवाल लागायचे, ते आम्ही करून द्यायचो. त्यात माझी खासियत म्हणजे रंगीत आलेख. आलेख देखणा असला की खालचे आकडे कुणी बघत नाही, हे मला फार लवकर कळलं होतं. पुढं पुढं मीही बघेनासा झालो.

पहिली मोठी फजिती ज्वारीची. शहराला धान्य किती लागतं ते काढायचं होतं. मी मार्केट यार्डाच्या फाटकापाशी छत्री उघडून बसलो आणि आत येणारं प्रत्येक वाहन टिपलं. एक निळा टेम्पो दिवसभरात पाच वेळा आला. म्हटलं, काय कष्टाळू माणूस आहे! पाचव्यांदा ड्रायव्हरनं माझ्यापुढंच गाडी थांबवली आणि म्हणाला, "साहेब, तुमी सकाळधरनं हितंच हाव. गाडी लावायला जागा कुटं मिळंल ते तरी सांगा की. निस्त्या घिरट्या घालायलोय." म्हणजे एकच टेम्पो मी सोलापूरला पाच वेळा खाऊ घातला होता. चार टेम्पो निमूटपणे खोडले.

एवढं करून बेरीज मांडली तर निष्कर्ष असा निघाला की सोलापूरची माणसं ज्वारी जवळजवळ खातच नाहीत. मी हे भालेराव साहेबांना सांगायला गेलो तेव्हा ते डबा खात होते. त्यांनी हातातला भाकरीचा तुकडा वर धरला. "मग हे काय आहे रे? ढोकळा?"

घरी आलो तर आमच्याच जिन्याखाली ज्वारीची दोन पोती उभी. सासऱ्यांनी वैरागहून धाडलेली. सोलापुरात ज्याचं गाव जवळ त्याच्या घरी गावाकडून पोतं येतं. ते कुठल्या फाटकातून येत नाही, कुठल्या पावतीवर चढत नाही, ते मामाबरोबर येतं. ज्या ज्वारीची भाकरी मी रोज दोन वेळा चेपत होतो, तीच माझ्या तक्त्यात नव्हती. शहाणा माणूस यावरून काहीतरी शिकला असता. मी आलेखाचा रंग तेवढा बदलला.

आता जी गोष्ट सांगणार आहे ती मी आजवर कुणाला पुरती सांगितलेली नाही. माझी बायको मंगल सोडून. आणि तिलाही मी सांगितली नव्हती, माझं तोंड बघून तिनंच ती काढून घेतली.

सोलापूरबाहेरच्या वाचकांना एक सांगायला हवं. आमच्याकडं नळाला रोज पाणी येत नाही. चार दिवसांनी येतं, कधी पाचव्या दिवसावर जातं. आलं की घरातलं भांडं न् भांडं भरून ठेवायचं. बॅरल, घागरी, कळशा, बादल्या, पातेली, अगदी अडीअडचणीला कुकरसुद्धा. साखरपुड्याचा दिवस धरताना भटजींच्या आधी नळाचा दिवस विचारणारी माणसं मी बघितली आहेत. आम्हाला काम आलं होतं ते या पाण्याचं. एक गल्ली नमुना म्हणून घ्यायची, तिथं जेवढं पाणी सोडतात तेवढं घरांत पोचतं का, आणि पोचल्यावर त्याचं होतं काय, हे शोधायचं. साहेबांनी गल्ली निवडली शुक्रवार पेठेतली, आणि कामाला माणूस म्हणून निवडलं मला.

माझी पद्धत सोपी होती. गल्लीच्या तोंडाशी नळावर मीटर बसवला, म्हणजे आत किती आलं ते कळणार. गल्लीच्या शेवटी, जिथं सगळ्या गटारी एकत्र येतात, तिथं घड्याळ आणि बादली घेऊन बसायचं. बादली किती वेळात भरते ते बघितलं की बाहेर किती गेलं तेही कळतं. मधल्या घरांसाठी एक छापील फॉर्म. त्यात चोवीस रकाने होते, आणि ते सगळे मीच काढले होते याचा मला अभिमान होता.

गटारीला लागून शेवटचं घर महादेवीअक्काचं. पन्नाशीची बाई, ठेंगणी, कपाळाला विभूती, घरात कानडी आणि उंबऱ्याबाहेर मराठी. तिचा व्यवसाय कडक भाकरीचा. पापडासारखी पातळ भाकरी थापायची, भाजायची, मग चुलीच्या धगीवर वाळवून कडकडीत करायची. महिनाभर टिकते. लोक मुंबई-पुण्याला बांधून नेतात. हाताखाली दोन बायका होत्या. नवरा गेल्यावर तिनं त्या चुलीवर दोन मुली शिकवून उजवल्या होत्या, हे तिनं मला पहिल्या पंधरा मिनिटांत सांगितलं.

पहिल्या दिवशी मला गटारीपाशी उकिडवा बसलेला बघून ती घरातून स्टूल घेऊन आली. "कुंद्री साहेब, कुंद्री," म्हणजे बसा. "मापायचंच हाय तर नीट बसून मापा की." पाठोपाठ तांब्याभर पाणी आणि वाटीत शेंगा-गूळ. त्या घरचा रिवाजच तसा. आधी पाणी, मग नाव-गाव. मी जितक्या वेळा गेलो तितक्या वेळा तांब्या आधी पुढं आला.

पाणी सोडायला रसूलभाई यायचे. त्यांना आमच्याकडं चावीवाला म्हणतात. रस्त्यातल्या खड्ड्यात हात घालून व्हॉल्व्ह फिरवायची ती लांब लोखंडी चावी सायकलला बांधलेली. ते माझ्याकडं दोन खेपा नुसतं बघत होते. तिसऱ्या खेपेला सायकलवरून न उतरताच म्हणाले, "साब, मोरी के सामने कायकू बैठे? नल के सामने बैठो ना." मी हसलो. म्हटलं, यांना काय कळतंय शास्त्र.

चावी फिरली की गल्लीतून अक्काचाच आवाज घुमायचा, "नीरु बंतु!" पाणी आलं! सगळीकडं भांड्यांचा खणखणाट. आणि दहा मिनिटांत माझ्या समोरच्या गटारीला लोंढा यायचा. तोही साबणाचा, खरकट्याचा नव्हे. स्वच्छ, नितळ पाणी! माझी बादली भरभर भरायची. अंघोळी नाहीत, धुणी नाहीत, आणि एवढं चांगलं पाणी गटारीत? मला वाटलं घबाड सापडलं.

मग फॉर्म घेऊन घरोघर गेलो. सतरावा रकाना होता, 'वाया जाणारे पाणी'. एकजात सगळ्या घरांनी सांगितलं, थेंबसुद्धा नाही. महादेवीअक्का तर चिडलीच. "वाया? पानी कुणी वाया घालवतं व्हय? शिव शिव! चार दिसांनी येतंय ते." मी मान डोलावली, मनात म्हटलं, सगळ्या बायका खोटं बोलतायत. हो, असंच म्हटलं. ज्या घरचं पाणी पीत होतो त्या घरातल्या बाईला मी खोटारडी ठरवली, आणि वर शेंगा-गुळाचा दुसरा घास तोंडात टाकला.

अहवालात लिहिलं, 'सदर गल्लीस होणारा पुरवठा गरजेपेक्षा अधिक असून नळाची वेळ अर्ध्या तासाने कमी करण्यास हरकत नसावी.' त्या 'हरकत नसावी' वर मी बेहद्द खूश होतो. शेजारी निळा आलेख. भालेराव साहेबांनी पाठ थोपटली. आणि नवल म्हणजे शिफारस लगोलग अमलात आली. इतक्या वर्षांत आमच्या शिफारशी कपाटांत पिवळ्या पडताना मी बघितल्या होत्या. तातडीनं अमलात आलेली माझी ही एकच, आणि ती साफ चुकीची.

दीड महिन्यानं परिणाम बघायला गेलो. पाण्याचाच दिवस होता. रसूलभाईंनी चावी फिरवली, माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही, आणि गेले. दहा मिनिटं झाली, वीस झाली. गटार कोरडी. ठणठणीत कोरडी! मी मनातल्या मनात टाळ्या वाजवल्या. शिफारस लागू पडली होती. आता बसून टिपण लिहावं म्हणून अक्काच्या दाराशी गेलो.

तिनं स्टूल दिलं. मी बसलो. स्टुलावर बसून वाट बघितली, पण तांब्या काही आला नाही.

मग मी आत डोकावलो. तीन चुलींपैकी एकच पेटलेली. दोघी बायका दिसेनात. कोपऱ्यातला नळ उघडा होता आणि त्यातून फस्स फस्स आवाज येत होता. अक्का त्याच्याखाली कळशी धरून बसली होती, कळशीचा तळ ओला झाला होता तेवढाच.

"साहेब, आज पानी विचारलं न्हाय तुमाला. राग मानू नका," ती म्हणाली. "निस्ता वारा यायलाय नळाला. पयल्या घरांचं भरून होतंय, आमच्यापतुर येस्तोवर टाइम खलास."

माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला असं म्हणायची पद्धत आहे. माझ्या डोक्यात अंधारच पडला. पाणी गल्लीच्या तोंडापासून भरत भरत येतं. शेवटच्या घरी ते पोचतं तेच शेवटच्या अर्ध्या तासात. मी गल्लीचा अर्धा तास कापला असं मला वाटत होतं. कापला होता तो एकट्या अक्काचा.

"भाकरीचं काय?" मी विचारलं.

"भाकरीला पिठात पानी, थापताना हाताला पानी, वरनं फिरवायला पानी. बिनपान्याची भाकरी कशी करू, सांगा की. दोघी बायांना घरी बशिवलं. पुन्याची ऑर्डर होती लग्नाची, ती सोडून दिली. मी एकटीच आपली दोन कळशा आणते पलीकडच्या गल्लीतनं, त्येवढ्यावर होईल तेवढं." आणि मग ती माझ्याकडं वळली. "कुणीतरी शाण्या मानसानं वर लिवून दिलंय म्हनं, गल्लीला पानी जास्त होतंय. मुडदा बशिवला त्याचा! त्याच्या घरच्या नळाला बी वारा येऊ दे, निस्ता वारा! तुमी हापिसातले मानूस. जरा सांगा की वर."

"सांगतो," मी म्हणालो. आवाज माझा होता की नळाचा, कोण जाणे.

मी तिथून जो निघालो तो सायकलस्टँडपर्यंत मागं वळून बघितलं नाही. मोजण्याची बादली तिथंच राहिली.

दुसऱ्या दिवशी सकाळी आमच्या घरचा पाण्याचा दिवस. शापबिप मी मानत नाही. पण नळाची वेळ झाली तसा दाढीचा साबण तोंडाला तसाच ठेवून मी मागच्या दारी धावलो. नळाला पाणी होतं. हुश्श केलं. आणि मग समोरचं दृश्य दिसलं. मंगल पदर खोचून उभी, पिंप आडवं केलेलं, आणि त्यातलं चांगलं निम्मं पिंप पाणी धबाधबा गटारीत चाललेलं. स्वच्छ, नितळ पाणी.

"अगं, काय करतेस?"

"दिसत नाही का? शिळं पाणी टाकतेय."

"शिळं?"

"मग? चार दिवसांचं पाणी शिळं नाही होय? ताजं आलं की शिळं ओतायचं, पिंप घासायचं, मग भरायचं. लग्न झाल्यापासून दर पाण्याला करतेय. तुम्ही त्या वेळी पेपर वाचत असता."

मी पायरीवर बसलो. दाढीचा साबण वाळून तोंड ओढायला लागलं होतं. दुसऱ्याच्या गटारीपाशी बादली लावून बसलो होतो मी, आणि माझ्या घरची गटार इतकी वर्षं माझ्या पाठीमागं वाहत होती.

"मग गल्लीतल्या बायकांनी मला सांगितलं का नाही? मी विचारलं होतं, पाणी वाया जातं का."

"वाया कुठं जातंय?" मंगलनं हात कमरेवर ठेवले. "भांडं घासायच्या आधी रिकामं करतो आपण, त्याला वाया म्हणतात का? आणि एवढं भरून तरी कशाला ठेवतो? चौथ्या दिवशी येईल का पाचव्या, भरवसा आहे का? रोज ठरल्या वेळी आलं असतं तर कुणाला हौस होती पिंपं भरून ठेवायची नि ओतायची." मग तिनं माझ्याकडं नीट बघितलं. "तुमचं तोंड असं का झालंय? कुठं काय करून आलात?"

अशा रीतीनं तिला कळलं. तिनं पिंप सरळ करून नळाखाली लावलं. मग म्हणाली, "ती बाई भाकरी करते, आणि तुम्ही तिचं पाणी काढलंत."

पुढचा आठवडा मी काय केलं ते लिहायला लाज वाटते, पण लिहितो. काही केलं नाही. रोज ठरवायचो की साहेबांना सांगायचं, आणि रोज साहेबांचा मूड चांगला असायचा, तो बिघडवायचा धीर होत नसे. एकदा मूड वाईट होता, तर म्हटलं, अशा वेळी कसं सांगायचं? मंगल रोज संध्याकाळी एकच शब्द विचारायची, "सांगितलं?" सातव्या दिवशी तिनं विचारलं नाही. जेवायला वाढलं, पण ताटाशेजारी पाण्याचं भांडं ठेवलं नाही. मी उठून घ्यायला गेलो तर म्हणाली, "राहू दे. गरजेपेक्षा अधिक होईल."

सकाळी साहेबांपुढं उभा राहिलो आणि सगळं बोलून टाकलं. त्यांनी चष्मा काढला. "छापून झालंय रे सगळं. पुढच्या वर्षी दुरुस्ती करू. आणि शिळं पाणी हा काय शब्द आहे? त्याचं एकक काय?"

"घागर," मी म्हणालो.

ते हसले. मी हसलो नाही. नोकरीत पहिल्यांदाच साहेबांच्या हसण्यात सामील झालो नाही. मग त्यांनीही हसणं आवरलं आणि म्हणाले, "पुन्हा मोज. या खेपेला नीट."

चोवीस रकान्यांचा फॉर्म फेकून दिला. त्या गल्लीत पुन्हा दारोदार फिरलो, एकच प्रश्न घेऊन, "पाणी आलं की पहिलं काय करता?" दर दाराला तेच उत्तर. आधी करत होतो ते शिळं टाकणं. आता भीतीनं टाकत नाही, न जाणो उद्या आलंच नाही तर. बायकांनी घागरी आणून दाखवल्या, किती उरायचं, कुठंवर. त्यांना माझी दयाच आली असावी, एवढा बाप्या माणूस आणि हे विचारत फिरतोय. तेव्हापासून गल्लीतली पोरंसोरंसुद्धा मला 'शिळ्या पाण्याचे साहेब' म्हणायला लागली. भालेराव साहेबांपर्यंत ते नाव पोचलं आणि माझ्या निरोप समारंभातही निघालं.

ज्यांच्या हाती निर्णय होता त्यांच्या बैठकीत मी उभा राहून वाचलं. पहिलंच वाक्य होतं, 'मागील अहवालातील निष्कर्ष चुकीचा असून ती चूक माझी आहे.' आलेख एकही नव्हता. दोन जण हसले, एकानं घड्याळ बघितलं. पण एका वयस्कर बाई अधिकाऱ्यांनी मान वर केली आणि म्हणाल्या, "खरं आहे. आमच्या घरीही ओततात." बस्स, एवढ्यावर बरंच काम झालं. गल्लीचा अर्धा तास परत मिळाला. ठरल्या दिवशी, ठरल्या वेळी सोडा म्हणजे साठवण कमी होईल आणि ओतणंही कमी होईल, ही माझी दुसरी शिफारस मात्र नेहमीच्या कपाटात गेली. मिळायचं ते मिळायलाही दोन महिने लागले. त्यातले सात दिवस माझ्या भित्रेपणाचे होते, ते मी कुठल्या अहवालात लिहिले नाहीत.

त्यानंतर पहिल्या पाण्याला मी अक्काकडं गेलो. रसूलभाई गल्लीच्या तोंडाशी भेटले, या वेळी सायकलवरून उतरले. "नल के सामने बैठे आखिर," म्हणाले आणि निघून गेले. अक्काच्या घरी दोन चुली पेटलेल्या. नळाखाली कळशी भरून वाहत होती. अक्का तव्यापुढं, हाताखाली एकच बाई.

मी दारातच उभं राहून म्हणालो, "अक्का, ते वर लिहून देणारा माणूस मीच होतो."

तिनं भाकरीवरून पाण्याचा हात फिरवला, भाकरी उलटली. "ठाऊक हाय की."

"कधीपासून?"

"पयल्या दिसापासनं. टाइम कमी झाला त्याच दिशी रसूल म्हनला, ह्यो स्टूलवाल्या साबचा कारभार हाय."

"मग त्या दिवशी ते... मुडदा... नळाला वारा..."

"तुमालाच बोलले. दुसऱ्या कुनाला बोलू?" तिनं आता कुठं मान वर केली. "मागनं शिव्या दिल्या तर त्या गल्लीतच ऱ्हात्यात, साहेब. तोंडावर दिल्या म्हनून वर पोचल्या."

मला रडू आलं. खोटं कशाला सांगू? चांगला जावई आलेला माणूस मी, दारात उभा राहून रडलो. चुकलं म्हणालो. तिनं मला रडू दिलं, समजूत घातली नाही. तेवढ्यात भाकरी झाली. मग म्हणाली, "त्या दोघींतली शांता परत आली न्हाय. टावेलच्या कारखान्यात लागली शिवायला. हात लई पातळ होता तिचा भाकरीला. त्यो गेला." हे माझ्या खात्यावर आहे, आणि ते फिटलेलं नाही.

एवढं बोलून ती उठली. कोपऱ्यातल्या घागरीतून तांब्या भरला आणि माझ्यापुढं धरला. स्टूल होतंच. मी बसलो, तांब्या हातात घेतला आणि सवयीनं नळाकडं बघितलं.

"नळाचं न्हवं," अक्का म्हणाली. "चार दिसांचं हाय. आता आमी टाकत न्हाय. अर्धा घंटा दिला खरा, पन काय नेम? पुन्हा कुनाच्या मनात आलं तर?"

पहिल्या अहवालात मला जी बचत हवी होती, ती शेवटी गल्लीत झाली होती. मी तिच्या भीतीचं पाणी हातात घेऊन बसलो होतो. तोंडाला लावलं आणि सगळं प्यालो.

"कसं हाय?"

"चांगलं हाय," मी म्हणालो.

"मग तसं लिवा की. शिळं पानी बी चांगलं असतंय म्हनून. आन् ते कुनाच्या भ्यानं प्यावं लागतंय, ते बी लिवा."

पहिलं मी त्याच वर्षीच्या अहवालात लिहिलं. दुसरं आज लिहितोय.